मामांच्या प्लेटलेट

गडचिरोलीच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. पावसाळा लागला की दिवस मलेरियाच्या स्लाइडी पाहण्यात जातो, उरलेला सिकलसेलच्या चाचण्यांत. लिव्हरकडे मी नीट पाहायला लागले ते माझ्या मामांमुळे.

मामा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या गावचे. वय ५८, वनखात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मधुमेह जुना, पोट सुटलेलं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’ आलं, तरी निर्धास्त. “मी दारूचा थेंब नाही घेत. मंग लिव्हरले काय होते?” गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. त्यामुळे लिव्हर बिघडलं म्हणजे दारूच, हे आमच्याकडे पक्कं बसलेलं. मामांची चरबी साखरेची, पोटाची आणि तिन्ही त्रिकाळ भाताची. (नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला एचएमटी तांदूळ पानात असला की भात कमी करा म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं!)

सोनोग्राफीतला ग्रेड चरबीचा असतो. लिव्हर आतून किती घट्ट झालंय, किती व्रण पडलेत, हे तो सांगत नाही. त्याचा अंदाज आमच्या रोजच्याच चार आकड्यांतून निघतो: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची दोन एन्झाइम, आणि प्लेटलेट. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेट हजारांत घेऊन एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायच्या. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. याला फिब-४ म्हणतात. २००६ मध्ये हे सूत्र एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी मांडलं गेलं, फॅटी लिव्हरला ते नंतर लागू झालं. १.३ च्या खाली आलं तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर बरीच. पासष्टीनंतर खालची रेघ २ वर धरतात.

श्रावणात मामा आमच्याकडे आले आणि थंडी वाजून ताप भरला. स्लाइडवर फॅल्सिपेरम मलेरिया. एसजीओटी ७०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट ८८ हजार. हिशेब केला तर ५.७७! आमच्या डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. “तापातला हिशेब आहे हा, आत्ता वाचू नका.”

बरोबरच होतं. मलेरियात प्लेटलेट कोसळतात. एसजीओटी तांबड्या पेशींतही असतं, त्या फुटल्या की ते वाढतं. सिकलसेलच्या रुग्णातही तेच. त्यात एखाद्या आरोग्य केंद्रातून मोटारसायकलवर हादरत आलेला नमुना फुटलेला असतो, नाहीतर जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये प्लेटलेटच्या गुठळ्या झालेल्या असतात आणि मशीन त्या कमी मोजतं. हे सूत्र मलेरियाच्या रुग्णांसाठी तयार झालेलं नाही, एवढं आमच्या भागात विसरून चालत नाही.

दीडेक महिन्याने पुन्हा रक्त घेतलं. एसजीओटी ४६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट १ लाख ५२ हजार. उत्तर २.५१.

“म्हणजे ते मलेरियाचंच होतं म्हण ना पोरी.”

“सगळं नाही मामा.”

दोन्ही रेघांच्या मधला आकडा. एसजीओटी-एसजीपीटी जेमतेम वर होते. नुसते तेवढेच पाहिले असते तर कोणी थांबलं नसतं. पण प्लेटलेट काठावर होत्या. व्रण वाढले की लिव्हरमधून रक्त पुढे सरकेनासं होतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. म्हणून डॉक्टरांनी नागपूरला फायब्रोस्कॅनला पाठवलं. तीन तास उपाशी राहायचं म्हणून मामांनी एसटीतच कुरकूर केली. बरगडीवर यंत्राचे बारीक धक्के बसले आणि काही मिनिटांत काम झालं. कडकपणा ११.४ किलोपास्कल. ८ च्या आत असता तर निश्चिंत झालो असतो.

तिथल्या डॉक्टरांनी वजन दहा टक्के उतरवायला सांगितलं. तेवढं उतरलं तर व्रणही मागे हटू शकतात. साखरेची औषधं बदलली. एंडोस्कोपी मात्र नको म्हणाले. कडकपणा २० च्या आत आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असल्या की अन्ननलिकेत धोकादायक फुगलेल्या शिरा सापडण्याची शक्यता फार कमी असते.

मामा तेवढ्यावरच अडले. “दीड लाखाच्या वर दोनच हजार? पुन्हा मोज.”

दोन हजारांचा फरक तर मशीनच्या चुकीतही बसतो, हे मी बोलले नाही. ताजं रक्त घेतलं, स्लाइड केली, गुठळ्या आहेत का पाहिल्या. नव्हत्या. मशीनने या वेळी १ लाख ५८ हजार दाखवले आणि मामा म्हणाले, “आता मामीले सांग, भात किती वाढायचा ते.”