छकुलीचं ऐकायचं वय

कांदा-बटाटा मार्केट, एपीएमसी, वाशी

ती. आक्कास,


फोनवर तू विचारलंस, "मशीन बसवून पाच महिने झाले, छकुली अजून बोलत का नाही?" गाडी खाली होत होती, त्या गलक्यात नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितोय.

कानात इम्प्लांट बसवायच्या ऑपरेशननं तिच्यापर्यंत आवाज पोचला. पण तो आवाज कशाचा, हे तिला कुठं ठाऊक? इतर पोरं जन्मल्यापासून वर्षभर नुसती ऐकतात, तेव्हा पहिला शब्द फुटतो. थेरपीच्या मॅडम म्हणतात, "छकुली साडेतीन वर्षांची, पण तिचं ऐकायचं वय पाच महिने." ते वय वाढवणं हेच त्यांचं काम.

त्या तिच्या समोर बसत नाहीत, शेजारी बसतात. ओठ बघून नाही, कानानं ओळखायचं. म, ऊ, आ, ई, श, स. जाड 'म'पासून बारीक 'स'पर्यंत, बोलण्यातले सगळे पट्टे या सहा आवाजांत येतात. आवाज आला की छकुलीनं एक बारका गोल्टी कांदा टोपलीत टाकायचा. कांदे मीच नेलेले. 'स'ला तिचा हात हलतच नव्हता. मॅडमनी तसं कळवलं, ऑडिओलॉजिस्टनी मशीनचं सेटिंग बदललं. परवा 'स' म्हटल्याबरोबर टप्पकन कांदा पडला. तुझी भावजय तिथंच रडली.

मला वाटलं होतं, त्या छकुलीला शिकवतील आणि मी बाहेर बसेन. त्यांनी मलाच तिच्या शेजारी बसवलं. इथं दिवसभर हाळ्या देऊन माझा आवाज चढलेला. त्या म्हणाल्या, "दादा, ओरडल्यानं शब्द फाटतो. टीव्ही बंद करा, हातभर अंतरावर या आणि साध्या आवाजात बोला." आठवड्यातला एक तास त्यांचा. बाकीचे सगळे तास आपले.

"उशिरा बोलेल" म्हणत आपण दोन वर्षं घालवली, याची मला फार चुटपुट लागते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतलं इम्प्लांट जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पोरांना पाच वर्षांपर्यंतच मिळतं, त्यात आपण बसलो. तुझ्या सुनेच्या बाळाचे कान आत्ताच तपासून घे. झोपलेल्या बाळाचीही तपासणी होते.

जत्रेला छकुलीला घेऊन येतोय. तिला "बोल, बोल" म्हणू नकोस. चुलीपाशी जवळ बसव. भाकरी थापताना थाप ऐकव, पीठ, परात, तवा, काय करतेस ते सांगत राहा. ती गप्प राहिली तरी तू थांबू नकोस.

तुझा,
बाळू