फिक्सरमधली काटकसर

घरी रोल धुवायला लागलो तेव्हा फिक्सरची बाटली महाग वाटायची. तिच्यावर दोन प्रमाणे होती: फिल्मसाठी १+४, कागदासाठी १+९. मी पैसे वाचवायला फिल्मलाही १+९ केले, वेळ मात्र तीनच मिनिटे ठेवली.

रोलवर नानी होती, अंगणात तांदूळ निवडत बसलेली. टाकीतून काढलेली पट्टी दुधाळ दिसली. धावत चाचांकडे गेलो. त्यांनी बरीच वर्षे स्टुडिओ चालवला होता. म्हणाले, "बेटा, हायपोत कंजूषी केलीस. फेकू नकोस, ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाक." टाकली. दुधाळपणा गेला, नानी स्पष्ट दिसली.

कारण साधे आहे. चांदीचे जे क्षार डेव्हलपरमध्ये काळे झालेले नसतात, ते फिक्सर विरघळवून काढतो. ते अर्धवट राहिले, तर निगेटिव्ह पुढे पिवळी-तपकिरी पडते. पातळ फिक्सरही काम करतो, पण सावकाश, आणि लवकर थकतो.

आता मी १०० मिली फिक्सरमध्ये ४०० मिली पाणी घालतो. आधी फिल्मच्या टोकाचा कापलेला तुकडा त्यात बुडवतो. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या किमान दुप्पट वेळ रोल ठेवतो. टी-मॅक्स किंवा डेल्टा असेल तर तिप्पट. ताज्या द्रावणाचा वेळ बाटलीवर लिहितो. तो दुप्पट झाला की द्रावण बाद. तोवर तेच पुन्हा वापरतो. काटकसर करायची ती इथे.

नानी आता नाही. निगेटिव्ह आहे, अजून स्वच्छ.