मीटरवरची काच

गेल्या पिढीतील व्यापारी कुटुंबांत मोटारगाडी हे केवळ वाहन नव्हते. पेढीच्या नावलौकिकाचा तो एक भाग होता. हा मान बहुतेक घरी फियाटला मिळाला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट ११०० पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तेव्हा अनेक घरांतून जुन्या आठवणी निघाल्या असतील.

आमच्या अण्णांनी १९७९ मध्ये गाडीची नोंदणी केली आणि गाडी हाती आली १९८५ मध्ये. बार्शीच्या भुसार बाजारात आमची पेढी. मालाच्या खरेदीसाठी लातूर, वसुलीसाठी सोलापूर, लग्नकार्यासाठी पुणे आणि वर्षातून एकदा सहकुटुंब कुंथलगिरी, असा त्या गाडीचा संसार. अण्णांची नजर अधू झाल्यावर ती गोदामात उभी राहिली आणि बारा वर्षे तेथेच होती. गोदाम भाड्याने देण्याचे ठरले, तेव्हा गाडी विकणे भाग पडले.

पाहणीसाठी आलेल्या दलालाने गाडी फिरून पाहिली. पत्रा चांगला होता, इंजिनही फिरले. मीटरवरची काच मात्र इतकी धुरकट झाली होती, की काटा दिसत होता, पण आकडे दिसत नव्हते. मी म्हटले, “काच साफ करून घेऊ.” त्यावर दलाल म्हणाला, “शेठ, ती तशीच राहू द्या. आकडा दिसला की गिऱ्हाईक चार प्रश्न विचारते. फारच झाले तर जुन्या बाजारातून कमी फिरलेले दुसरे मीटर आणून बसवू.” धाकट्या बंधूंना त्यात काही वावगे वाटले नाही. मी मात्र काच साफ करावयास घेतली.

आपण काच म्हणतो, पण ती काच नसते. त्या काळच्या गाड्यांतील मीटरची झाकणे बहुतेक अ‍ॅक्रिलिक नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असत. हे प्लास्टिक उजळ आणि हलके असते, पण काचेच्या मानाने फार मऊ असते. धुळीतील वाळूचे कण त्याहून पुष्कळ कठीण असतात. भुसार बाजारातील धूळ दररोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली, की ते कणच कानशीचे काम करतात. आमच्या मीटरवर असे हजारो चरे एकमेकांवर पडले होते. प्रत्येक चरा प्रकाश इतस्ततः फेकतो, आणि असे चरे दाट झाले की पृष्ठभाग दुधाळ दिसू लागतो.

ओळखीच्या एका वृद्ध मेकॅनिकने प्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली, मग मागून स्पीडोमीटरची केबल आणि दिवे काढून संपूर्ण मीटर माझ्या हाती दिले. झाकण अलग केल्यावर आतील तबकडीला त्याने हात लावू दिला नाही. जुन्या तबकडीवरील छापील आकडे ओल्या कापसानेही सुटून येतात. काटा तर त्याहून नाजूक. तेथील धूळ रबरी फुंकणीने उडवावी, एवढेच.

झाकण प्रथम कोमट पाण्याखाली धरले, म्हणजे सुटी धूळ न घासता वाहून गेली. मग सौम्य साबणाचे पाणी आणि बोटांची टोके. वाळवताना पुसावयाचे नाही, मऊ सुती कापडाने टिपावयाचे. येथे एक सूचना मुद्दाम देतो. स्पिरिट, थिनर, पेट्रोल किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव या प्लास्टिकला लावू नये. त्या क्षणी लखलखीत दिसते, परंतु त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच्या अंगात केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. वरचा चरा घासून जातो; अंगातील भेग कशानेच जात नाही.

धुतल्यावर मळ गेला, पण चरे राहिले. त्यासाठी १५०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने, सरळ रेषेत, एकाच दिशेने फिरवला. प्रारंभी झाकण पहिल्यापेक्षाही पांढरे होते आणि पाहणाऱ्याचा धीर सुटतो. मग २००० नंबरचा कागद, पहिल्या दिशेला काटकोनात. त्यामुळे आधीच्या कागदाचे चरे संपले की नाही, हे डोळ्यांना कळते. नंतर ३००० नंबरचा. शेवटी प्लास्टिकचे पॉलिश सुती कापडावर घेऊन सावकाश चोळले. यंत्र वापरले नाही, कारण अ‍ॅक्रिलिक साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि वेगाने घासल्यास तेवढी उष्णता सहज निर्माण होते. या साऱ्या कामात चकाकी बाहेरून चढवली जात नाही. मोठ्या चऱ्यांच्या जागी लहान, लहानांच्या जागी त्याहून लहान चरे येतात, आणि अखेर ते इतके बारीक होतात की प्रकाशाला त्यांचा अडथळा होत नाही. उन्हाने आतपर्यंत आलेला पिवळेपणा मात्र जात नाही. आमच्या झाकणाच्या कडेला तो थोडा होता. तो तसाच ठेवला.

दोन दुपारी खर्ची पडल्या. झाकण बसवले आणि आकडा स्वच्छ दिसू लागला: ३८,६१४ किलोमीटर.

दलालाचा चेहरा उजळला. “शेठ, हे तर सोन्याहून पिवळे! एवढी कमी फिरलेली गाडी शोधून सापडणार नाही.” परंतु आमच्या मीटरला पाचच घरे आहेत. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते. अण्णांचा रोजमेळ काढला. पेट्रोलच्या प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी मीटरचा आकडा लिहिण्याची शिस्त पाळली होती. १९९९ च्या वहीत एका नोंदीला ९९,७८० आणि पुढच्या नोंदीला १४५, आणि समासात दोनच शब्द: “मीटर फिरले.” म्हणजे गाडी १,३८,६१४ किलोमीटर चालली होती.

बंधू म्हणाले, “दादा, आपण कोठे खोटे बोलतो आहोत? मीटर दाखवते ते गिऱ्हाईक वाचेल.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. धुरकट काचेतून काहीच कळत नव्हते; आता स्वच्छ काचेतून चुकीचे तेच स्पष्ट कळत होते. निर्णय अण्णांवर सोपवला. शहाऐंशी वर्षांचे अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोत्याच्या तोंडाशी टपोरी ज्वारी आणि तळाशी किडकी असली, तर नमुना खरा असतो, सौदा खोटा होतो. वही दाखवा.”

पुण्याहून आलेल्या तरुण गिऱ्हाईकाला वही दाखवली. त्याने बोललेल्या किमतीतून बारा हजार रुपये कमी केले आणि गाडी घेतली. जाताना त्या पानाची छायाप्रत मागून घेतली. ती आम्ही गाडीच्या कागदपत्रांत लावून दिली. बारा हजार विनाकारण गेले, असे बंधूंचे मत आजही आहे. भावाभावांत तेवढा मतभेद राहिला, तरी पेढी एकच आहे.

आपल्याही गोदामात किंवा वाड्याच्या पडवीत अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिचे मीटर कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी धूळ पाण्याने वाहून जाऊ द्या. आणि गाडी विकावयाची असेल, तर काचेबरोबर जुन्या वह्याही एकदा काढून पाहा.