म्हैसूरला मुलाखतीला जाताना

म्हैसूर म्हटलं की आपल्याकडे राजवाडा, दसरा आणि म्हैसूरपाक आठवतो. मार्च महिन्यात मात्र या गावात वेगळेही पाहुणे भेटतात. पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकची फाइल, इस्त्री केलेला शर्ट हँगरसकट पिशवीत, आणि बरोबर घरातलं कोणीतरी मोठं. एमबीएसारख्या अभ्यासक्रमांच्या प्रवेश मुलाखतींना आलेली ही मुलं. यंदा त्यांच्यात माझी मामेबहीणही होती आणि ‘बरोबर आलेलं मोठं माणूस’ मी होते. मामाला सुट्टी मिळेना आणि मुलीला एकटीला पाठवायला मामी तयार होईना.

सांगलीहून जायचं तर सोपा मार्ग म्हणजे राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळुरू आणि तिथून म्हैसूरची गाडी. हे शेवटचे सुमारे १४० किलोमीटर झोपून घालवू नका. आधी रामनगर लागतं, जिथल्या खडकांत ‘शोले’चं चित्रीकरण झालं. मग लाकडी खेळण्यांचं चन्नपट्टण, मग मद्दूर. मद्दूरला डब्यात वडे विकायला येतात. चपटे, कुरकुरीत, कांदा घातलेले. त्यानंतर मंड्याचा ऊस दिसायला लागतो. खिडकीबाहेर बघत बहीण म्हणाली, “ताई, एवढं लांब येऊन परत ऊसच!” श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली की म्हैसूर आलंच.

तिची तयारी मात्र खिडकीबाहेर नव्हती, मोबाइलमध्ये होती. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचं उत्तर तिने इंग्रजीत लिहून पाठ केलं होतं. ‘तुमचे दोष कोणते’ याला व्हिडिओतलं ते ठरलेलं उत्तर: मी कामात फार परिपूर्णता शोधते. (हे उत्तर ऐकून ऐकून मुलाखत घेणाऱ्यांचे कान किटले असतील, असं माझं मत. तिने ते मानलं नाही.) देशाचा विकासदर, रेपो रेट, तीन-चार मोठ्या कंपन्यांचे प्रमुख, सगळं वहीत. हे वाचू नये असं नाही, वाचावंच. पण गाडीत मी सहज विचारलं, “तुमच्या घरापासून मार्केट यार्ड किती लांब?” तर ती म्हणाली, “असेल दोनेक किलोमीटर. मी आत कधी गेले नाही.”

पोचलो तो रविवार होता, मुलाखत सोमवारी. खोलीत बसून तिने वही उघडली तेव्हा मी तिला ओढून बाहेर काढलं. स्टेशनच्या मागच्या बाजूला यादवगिरी नावाचा शांत, झाडांचा भाग आहे. तिथे ‘मालगुडी डेज’वाल्या आर. के. नारायण यांचं घर आहे. दुमजली, पांढरं, वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्यांची लिहायची खोली. २०११मध्ये हे घर पाडायला सुरुवातही झाली होती. लोकांनी आवाज उठवला म्हणून ते वाचलं आणि २०१६मध्ये तिथे संग्रहालय झालं.

तिथे उभं राहून मी तिला या घरातल्या माणसाची आणि त्याच्या धाकट्या भावाची प्रवेशकथा सांगितली. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले होते. पुढचं वर्ष घरी बसून वाचण्यात गेलं, मग परीक्षा पास झाले आणि १९३०मध्ये इथल्याच महाराजा कॉलेजातून बी.ए. होऊन बाहेर पडले. धाकटा भाऊ म्हणजे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण. १९२१मध्ये म्हैसुरातच जन्म. शाळा संपल्यावर त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायचं होतं. चित्रं पाठवली. उत्तर आलं की आमच्या संस्थेत प्रवेश द्यावा इतपत गुण या चित्रांत दिसत नाहीत. मग तेही महाराजा कॉलेजातच बी.ए. झाले आणि चित्रं काढत राहिले. पुढे मुंबईतच नोकरी केली, अर्धशतकाहून जास्त काळ त्यांचा ‘कॉमन मॅन’ वर्तमानपत्रात रोज लोकांना भेटत राहिला, आणि ज्या जे. जे.ने नाकारलं तिथेच ते पाहुणे म्हणून गेले. २०१५मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. वरळीच्या समुद्रकिनारी चौकटीच्या कोटातला तो कॉमन मॅन आजही उभा आहे.

“म्हणजे नाकारलं तरी चालतं, असं सांगतेयस?” बहिणीने विचारलं. तिला असली गोळी आवडत नाही. आणि तिचं बरोबरच होतं. लक्ष्मण एकच होते. नाकारलेले बाकीचे किती आणि त्यांचं काय झालं, याची संग्रहालयं नसतात. तिच्या बाबतीत गणित सरळ होतं. इथली फी मामाच्या पगाराला जड, शैक्षणिक कर्ज काढावं लागणार, आणि बँकेतल्या ओळखीच्या माणसाने आधीच सांगितलं होतं की आधी प्रवेशपत्र आणा. नाहीतर सांगलीतच एखादी नोकरी, आणि मग घरात दुसरे विषय निघणार. कोणते, ते सांगायला नको.

संध्याकाळी राजवाड्यापुढे गेलो. रविवारी सात वाजता तिथले जवळपास एक लाख दिवे एकदम लागतात. गर्दीतून एकच ‘हो!’ उठतो. आधीचा राजवाडा १८९७मध्ये जळला, आत्ताचा १९१२मध्ये बांधून झाला. बाहेर रिक्षा मिळेना. एक रिक्षावाला दुप्पट मागत होता. तेवढ्यात बहीण त्याच्याशी चक्क कन्नडमध्ये भांडायला लागली. तिची आजी, म्हणजे मामीची आई, जतची. त्या तालुक्यात कित्येक घरांत कन्नड बोलतात. आजीच्या मांडीवर बसून शिकलेली ती भाषा. रिक्षावाला आधी चमकला, मग हसला आणि पैसे कमी केले. उत्तर कर्नाटकातलं, प्रत्येक वाक्याला ‘री’ लावणारं कन्नड म्हैसुरात ऐकून माणसं हसतातच.

मी विचारलं, “अर्जात भाषा कोणत्या लिहिल्यास?”

“मराठी, हिंदी, इंग्रजी.”

“आणि ही?”

“ही काय, घरातली आहे.”

सोमवारी सकाळी मैलारीचा मऊ, लोण्याचा डोसा तिने अर्धाच खाल्ला. कॉलेजच्या दारात कागद तपासले: मूळ गुणपत्रिका, दोन-दोन झेरॉक्स, फोटो, परीक्षेचा स्कोअर. यातला एक कागद घरी राहिला म्हणून रडकुंडीला आलेला केरळचा एक मुलगा तिथेच दिसला, म्हणून हे लिहितेय. मूळ कागद आदल्या रात्री मोजा. मग लेखी काम, एका विषयावर थोड्या वेळात पानभर मजकूर. आणि मग बाहेर बाकावर वाट बघणं. पालकांनी तिथे एकमेकांशी फार बोलू नये, असं मला वाटतं. शेजारच्या काकू आपल्या मुलाच्या टक्केवारीबद्दल बोलत होत्या आणि माझी बहीण दर मिनिटाला लहान होत चालली होती.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. पाठ केलेलं ‘स्वतःबद्दल’ तिसऱ्या वाक्यालाच थांबवलं होतं. विचारलं, सांगलीत काय विशेष? ती म्हणाली, हळद. बरं, मग हळदीचा भाव बाजारात ठरतो कसा? माल कोण आणतो, बोली कोण लावतं? तिला सांगता आलं नाही. हरिपूरला पूर्वी जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवत, एवढं तिने शाळेच्या सहलीच्या आठवणीवर सांगितलं. “भावाचं माहीत नाही सर,” असं सरळ म्हणाली. मग दुसऱ्या मॅडमनी विचारलं, कर्नाटकात दोन वर्षं राहायचं तर भाषेचं काय कराल? ही कन्नडमध्ये बोलली. दोघंही हसले आणि पुढची पाच मिनिटं मुलाखत जतच्या आजीवर चालली.

“चांगलं झालं की वाईट, कळत नाही,” ती म्हणाली. मलाही कळलं नाही. रेपो रेट कुणी विचारलाच नव्हता, याचा तिला जरा रागच आला होता.

यादी लागायला अजून पंधरा दिवस आहेत. दोन ठिकाणच्या मुलाखती बाकी आहेत, एक पुण्यात, एक ऑनलाइन. परतीच्या गाडीत तिने वही काढली नाही. श्रीरंगपट्टण मागे पडल्यावर मामाला फोन लावला आणि विचारलं, “पप्पा, यार्डात हळदीचे सौदे कसे होतात ओ?” मामाचा एक मित्र आडत्याकडे कामाला आहे. मामा सांगत होता, ती मध्येमध्ये अडवत होती. राजापुरी म्हणजे काय, शेतकरी तिथे असतो का, पैसे कधी मिळतात. मंड्याला मधेच फोन तुटला, तिने परत लावला. मद्दूरला वडेवाला आला तेव्हा तिने फोन कानाशी तसाच ठेवून मला दोन बोटं दाखवली.