संगमावरची वल्ही

वाचकहो, पुण्याला तुम्ही कितीदा तरी गेला असाल. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन, नाहीतर शिवाजीनगरला एखाद्या कृषी प्रदर्शनाला, नाहीतर ससूनमध्ये कुणाला तरी बघायला. माझेही पुणे तेवढेच. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली, पुढे खात्याच्या कामासाठी शेकडो फेऱ्या झाल्या. पण संगम पुलावरून जाताना खाली वाकून पाहावे असे कधी वाटले नाही. नदी म्हणजे नाकाला रुमाल लावायची जागा, एवढेच डोक्यात. त्या पुलाजवळ पोरे-पोरी नावा चालवतात, हे मला मागच्या मार्चमध्ये कळले. आणि तेही एका बापाच्या रागामुळे.

दौंड तालुक्यात नदीकाठी आमचे एक जुने स्नेही आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी. धाकटी लेक हुशार; पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. एके दिवशी आबांचा फोन आला. आवाज चढलेला.

"साहेब, पोरगी नदीत नाव चालवती म्हणं. वर्ष झालं. तिच्या आईला ठावं होतं, मलाच नव्हतं. शर्यत हाय तिची. उद्या जाऊन तिला घरी घेऊन येतो. तुम्ही येताय का संगं?"

आबा एवढे का भडकले, ते मला चांगले ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचा दहा वर्षांचा पुतण्या शेततळ्यात गेला. पाण्यावर तरंगणारा चेंडू काढायला वाकला आणि घसरला. आत प्लास्टिकचा कागद; ओला झाला की काचेसारखा गुळगुळीत. पोराला थोडेफार पोहता येत होते, पण वर चढायला हाताला काही लागलेच नाही.

वाचकहो, त्या तळ्याचे मोजमाप मी घेतले होते. लांबी ३० मीटर, रुंदी ३० मीटर, खोली ३ मीटर. बाजूचा उतार बरोबर, कागद बरोबर, म्हणून सही केली. कुंपण कधी घालणार आणि आत दोर कुठे सोडणार, हे विचारायचे राहून गेले. आबांनी किंवा त्यांच्या भावाने मला त्याबद्दल आजवर एका शब्दाने विचारलेले नाही. म्हणूनच त्यांना एकटे जाऊ देणे मला बरे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दौंडहून गाडीने पुणे स्टेशनला उतरलो आणि आर.टी.ओ.वरून चालत संगम पुलाकडे निघालो. मुळा आणि मुठा इथे भेटतात. पुढे मुळा-मुठा म्हणून हीच नदी आबांच्या गावाला जाते आणि तिथून खाली भीमेला मिळते.

हे कॉलेज १८५४ सालचे. आता, म्हणजे २०२२ पासून, ते विद्यापीठ झाले आहे. आपल्या शेतकी शिक्षणाची मुळीही इथेच आहे. १८७९ साली शेतकीचे वर्ग याच कॉलेजात सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वेगळे कृषी महाविद्यालय झाले. म्हणजे मी ज्या झाडाचे फळ, त्याचा बुंधा नदीकाठी होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता! सर विश्वेश्वरय्या इथलेच विद्यार्थी. खडकवासला धरणाला पाणी चढले की आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी १९०३ च्या सुमारास बसवले.

नदीकाठी कॉलेजचा बोट क्लब आहे. दर वर्षी साधारण मार्चमध्ये इथे नावांचा मोठा मेळा भरतो. त्याला रेगाटा म्हणतात. १९२८ पासूनची ही परंपरा. नावा काढणे, ठेवणे, सराव घेणे, सगळे विद्यार्थीच करतात. कुणाला पगार नाही, बिदागी नाही. आवड म्हणून पहाटे उठायचे आणि पाण्यावर जायचे.

आम्हाला बघून पोरगी आधी घाबरली. मग धीर करून म्हणाली, "आबा, आजचा दिवस बघा. मग तुम्ही म्हणाल तसं." आबा काही न बोलता काठावर बसले.

वल्ह्याचा ताल

आपल्याकडची नाव म्हणजे होडी: रुंद, जड, नावाडी पुढे बघून वल्हवणारा. शर्यतीची नाव निराळीच. लांब आणि अरुंद, शेवग्याच्या शेंगेसारखी. एकट्याने चालवायची नाव सुमारे ८ मीटर लांब असते, पण वजन अवघे १४ किलोच्या आसपास, म्हणजे बाजरीच्या अर्ध्या पोत्यापेक्षाही कमी. आठ जणांची नाव १७-१८ मीटर भरते. वल्हवणारा पाठमोरा बसतो. नाव जाते तिकडे त्याची पाठ आणि आलेली वाट डोळ्यांपुढे. आठ जणांच्या नावेत सुकाणू धरणारा एक जण पुढे तोंड करून बसतो. वल्हे न मारता ताल देणे आणि दिशा राखणे हे त्याचे काम.

नावेत बसायची पाटही हलती असते. ती रुळांवर पुढे-मागे सरकते. वल्हे हाताने ओढले जाते असे आपल्याला वाटते. खरा जोर पायांचा. गुडघे दुमडून हलकेच पुढे सरकायचे, वल्हे पाण्यात टाकायचे आणि पाय ताठ करत सारे अंग मागे रेटायचे.

आबा बराच वेळ टक लावून बघत होते. मग म्हणाले, "साहेब, ही तर मोट हाय."

मी पाहतच राहिलो. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. धावेवर बैल सावकाश मागे सरतात, मोट विहिरीत उतरून भरते आणि मग बैल सारा जोर लावून पुढे उतरतात. सरताना घाई केली तर मोट भरत नाही, आणि ओढताना ढिलाई केली तर पाणी थारोळ्यात पडत नाही. वल्ह्याचेही तसेच. सरकताना सावकाश, ओढताना जोर. शिवाय जोडीतला एक बैल पुढे नि एक मागे झाला की मोट हेलकावते, तशी एकाचे वल्हे चुकले की आठांची नाव डगमगते. कुणी कितीही ताकदवान असो, एकट्याच्या जोरावर नाव पुढे जात नाही.

आबांच्या लेकीची नाव शर्यतीत शेवटून पहिली आली. काठावर उतरल्यावर त्या चौघी हसत होत्या आणि जिंकलेल्या मुली यांचीच नाव उचलायला हात लावत होत्या. आबांना त्याचे नवल वाटले. "हरल्या तरी हसत्यात?" लेक म्हणाली, "आबा, पुढच्या महिन्यात आम्ही परत एकाच नावेत असू. भांडून कसं चालेल?"

संध्याकाळी निराळी मजा. संगीताच्या तालावर छोट्या कयाक नावांचा नाच झाला, सपाट नावांच्या रचना झाल्या आणि अंधार पडल्यावर मशाली घेतलेल्या नावा बाणाच्या आकारात समोरून आल्या. काठ माणसांनी भरला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत आबा नव्हते, पण मान वर करून बघत होते.

पाणी तेच, नावे निराळी

पुण्यात नावांचा नाद जुना आहे. बंडगार्डनजवळ सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून बंधारा बांधला गेला, त्याने पाणी तुंबून राहू लागले आणि नावा चालवायला जागा झाली. १८६८ साली तिथे साहेब लोकांचा बोट क्लब निघाला. आजच्या बोट क्लब रोडचे नाव त्यावरून पडले. वर खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे नावाच्या भागात शिडाच्या नावा शिकतात. शिडाची नाव समोरून येणाऱ्या वाऱ्यावरही पुढे जाते. मात्र सरळ नाही. घाटात भरली बैलगाडी जशी वळणे घेत चढते, तशी नाव एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरकी जात वर सरकते.

त्याच जलाशयाचे पाणी मुठेच्या उजव्या कालव्याने सुमारे २०० किलोमीटर जाऊन हवेली, दौंड, इंदापूरचा ऊस भिजवते. पुणेकरांचे पिणे त्यावर, आपले आवर्तन त्यावर आणि या पोरांची हौसही त्याच पाण्याच्या नदीवर.

या पाण्याने धडाही दिला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि मुठेने पुण्याचा काठ धुऊन नेला. आज दुःख दुसऱ्या प्रकारचे आहे. शहराचे सांडपाणी नदीत येते. रानात नत्राचा हात सैल झाला की तण माजते, तसेच सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर नदीत जलपर्णी माजते. मग वल्हे टाकायला पाणीच दिसत नाही. लेक म्हणाली, "काका, नदी बिघडली की आधी आम्हाला कळतं." आबा म्हणाले, "आन् मग आम्हाला. तुमचं झालं की खाली आमच्याकडंच येतं." बापलेकीचे त्या दिवसातले एकमत झालेले हे पहिले बोलणे.

एका विहीर खोदणाऱ्या पोराची गोष्ट

रात्री आम्ही माझ्या पुतण्याकडे मुक्कामाला राहिलो. आबांना झोप येत नव्हती. "हे शहरातल्या पोरांचं काम, साहेब. आपल्याला कशाला?" असे पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेव्हा मी त्यांना दत्तू भोकनळ सांगितला.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव. दुष्काळी मुलूख. वडील विहिरी खोदायच्या कामावर. दत्तूनेही त्यांच्याबरोबर दगड फोडले. २०११ मध्ये वडील गेले, घरचा भार अंगावर आला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आला. दापोडीला सैन्याच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयात नावांच्या शर्यतीसाठी लांबच लांब पाणी बांधून काढलेले आहे. तिथे त्याच्या हातात वल्हे आले. विहिरी खोदणाऱ्या घरातला हा मुलगा सुरुवातीला पाण्याला भीत असे! पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या नावेत भारतातर्फे तोच गेला आणि जगात १३ वा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सोन्याचे पदक मिळवले.

आबा उठून बसले. "पाण्याला भीत हुता?"

"हो."

"मग भ्या कसं गेलं?"

"पाण्यापासून लांब राहून तर नाही गेलं, आबा."

आम्ही दोघे नावेत

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी आम्हाला रुंद, सपाट बुडाच्या नावेत बसवले. अंगात तरंगणारी जाकिटे घालून बंद आवळून दिले. मी साठीकडे झुकलेला, शेकडो शेततळी मोजलेला माणूस. पण मला पोहता येत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत कबूल केले. नाव हलली तशी मी दोन्ही हातांनी काठ धरला. आबा विहिरीत पोहायला शिकलेले. ते ताठ बसले, पण ओठ घट्ट मिटलेले.

मध्यावर गेल्यावर त्यांनी लेकीला विचारले, "उलटली तर काय करायचं?"

ती लगेच म्हणाली, "नाव सोडायची नाही, आबा. नाव बुडत नाही, तरंगते. काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही. धरून राहायचं आणि आपले सगळे आहेत का ते मोजायचं. मी आधी पोहायला शिकले, मग नावेत बसले."

आबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमच्या पोराला धरायला काहीच नव्हतं."

मी मान खाली घातली. नावेत कुणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने आबांनी हात पुढे केला. "आण ते वल्हं." दोन-चार हात मारले, एक फुकट गेला, पाणी माझ्या अंगावर उडाले आणि लेक हसली.

लेकीला घरी न नेता आम्ही दोघेच परत आलो. स्टेशनावर आबा एवढेच म्हणाले, "साहेब, परवा या. दोर बांधायचाय."

त्या तळ्यावर आम्ही दोघांनी मिळून दोर बांधले. वाचकहो, तुमच्याकडे शेततळे असेल तर हेच काम याच आठवड्यात करा. चारही बाजूंना जाड नायलॉनचा दोर, हात-हातभर अंतरावर गाठी मारून, वरती खुंटीला पक्का बांधून तळापर्यंत सोडा. दोराला ट्यूब किंवा तोंड बंद केलेला रिकामा कॅन बांधून पाण्यावर तरंगता ठेवा. भोवती कुंपण घाला आणि फाटकाला कुलूप लावा. कुणी पडलेच, तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी घालू नये. आडवे पडून दोर, बांबू, निदान धोतर तरी फेकावे. आणि पोरांना, पोरींनाही, पाठीला डबा बांधून जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा.

एवढे झाले आणि उद्या तुमचे लेकरू म्हणाले, "मला नाव चालवायची आहे," तर आधी रागावू नका. मार्चमध्ये एकदा संगमावर या. आम्ही काठावर असू.