हिवरे बाजार : गावाने घेतलेले परिमाणव्रत

अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील नगरला, आनंदधाम येथे आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या श्रावक-श्राविकांची गाडी बहुधा सरळ घराच्या वाटेला लागते. त्यांनी एकदा अर्धा दिवस राखून शहराच्या पश्चिमेस वळावे. पंधरा-वीस किलोमीटरांवर हिवरे बाजार हे छोटे गाव आहे. तेथे पाहण्यासारखे शिखर नाही, मंडप नाही. मात्र श्रावकाच्या व्रतांपैकी एक व्रत संपूर्ण गावाने मिळून घेतले तर काय घडते, ते तेथील डोंगरउतारावर आणि विहिरींत दिसते.

हा मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरांच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. गावाचे क्षेत्र सुमारे 977 हेक्टर. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटत गेली. डोंगरावरील झाडे सरपणासाठी तुटली, माती वाहून गेली, विहिरी आटल्या, दारूच्या भट्ट्या पेटल्या आणि कर्ती माणसे मजुरीसाठी पुण्या-मुंबईला गेली. 1989 मध्ये गावातील तरुणांनी पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाला सरपंचपदासाठी पुढे केले. तेथून गावाचा नवा अध्याय सुरू होतो. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. परंतु येथील खरे श्रेय ग्रामसभेचे, असेच गाव पाहून परतणाऱ्याला वाटते.

ग्रामसभेने प्रथम पाच नियम स्वीकारले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. वनखात्याच्या उजाड जमिनीवर गावकऱ्यांनी खात्याच्याच सहकार्याने झाडे लावली व राखली. रोजगार हमी योजना आणि पुढे शासनाची आदर्श गाव योजना यांतून निधी आला. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले. पैसा शासनाचा, घाम गावाचा आणि निर्णय ग्रामसभेचा, अशी ही तिहेरी भागीदारी होती. भागीदारीत हिशेब चोख असेल तरच पेढी टिकते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

चराईबंदीचा भार अर्थातच प्रथम गरिबावर, शेळ्या राखणाऱ्यावर पडला. म्हणून जनावरे मोकळी सोडण्याऐवजी अल्प शुल्क भरून विळ्याने गवत कापून नेण्याची सोय झाली. गवत वाढले, तसे दुभते जनावर परवडू लागले आणि गावातील दूध अनेक पटींनी वाढले. पांजरपोळ चालवणाऱ्या आपल्या विश्वस्तांना दुष्काळात चाऱ्याच्या पेंढीची किंमत ठाऊक असते. त्यांना या व्यवस्थेचे मोल चटकन कळेल.

तथापि या गावाचे खरे वैशिष्ट्य त्यानंतरचे आहे. पाणी अडवणारी गावे महाराष्ट्रात बरीच झाली. पाणी आले की ऊस आला, उसामागून खोल बोअरवेल आल्या आणि चार वर्षांत विहिरी पुन्हा कोरड्या पडल्या, अशीही गावे बरीच झाली. हिवरे बाजारने येथेच पाय रोखला. शेतीसाठी बोअरवेल घेण्यास ग्रामसभेने बंदी केली आणि ऊस-केळी यांसारखी तहानलेली पिके टाळली. पावसाळा सरला की पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे; उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी, तर पेरा कमी.

दिवाळीला आपण वहीपूजन करतो, गेल्या वर्षाची शिल्लक पाहतो आणि मगच नव्या वर्षाचा व्यवहार ठरवतो. भांडवल मोडून खाणाऱ्या दुकानाला आपण दिवाळखोर म्हणतो. भूजल हे गावाचे भांडवल आहे. वार्षिक पाऊस ही त्यावरील मिळकत. मिळकतीत भागवायचे, एवढेच हे गाव करते.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रह-परिमाण आहे, उपभोग-परिभोग परिमाण आहे. पाणी हे आपल्या दृष्टीने अप्कायिक जीवांचे शरीरच. वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत जंगलतोडीचा व्यवसाय येतो आणि सरोवरे, डोह, तलाव आटवण्याचे कर्मही येते. प्राचीन आचार्यांनी व्यापाऱ्यासाठी घातलेल्या या मर्यादा कुऱ्हाडबंदी आणि बोअरवेलबंदी यांच्या किती जवळच्या आहेत!

परंतु एक भेद विचार करण्याजोगा आहे. व्रत आपण एकेकटे घेतो, आणि आत्मशुद्धीसाठी ते पुरेसेही असते. विहिरीसाठी मात्र ते पुरत नाही. आपल्याकडील काळ्या खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते; त्याला बांधाची हद्द ठाऊक नसते. एकाने संयम पाळला आणि शेजाऱ्याने खोल बोअर घेतली, तर संयमी माणसाचीच विहीर आधी आटते. म्हणून पाण्याच्या बाबतीत परिमाण सर्वांनी मिळून ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची जागा ग्रामसभा हीच आहे.

आपल्या समाजाने पाण्यासाठी दान दिले नाही असे नाही. भारतीय जैन संघटनेने 2018 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शासनाबरोबर तलाव-बंधाऱ्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम उभे केले, त्याचा अभिमान बाळगावा. मात्र दानाने तलाव खोल होतो. तो उपसायचा किती, हे दान ठरवू शकत नाही. त्यासाठी मर्यादा लागते, आणि मर्यादा दानापेक्षा अवघड असते. कारण आपल्यापैकी अनेकांची दुकाने पंप, पाइप, खते-बियाणे यांची आहेत. बाजारपेठेच्या गावात आपले घर पिढ्यान्‌पिढ्या असते, पण ग्रामसभेत आपली खुर्ची बहुधा रिकामी असते.

ती भरावी. हिशेब मांडण्याची विद्या आपल्याकडे आहे, आणि गावाला नेमकी तीच हवी आहे. पर्जन्यमापकाची नोंदवही ठेवणे, विहिरींची पातळी दरमहा लिहिणे, दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो आकडा वाचून दाखवणे, एवढे काम कोणत्याही पेढीवरील मुनीम करू शकेल. पाणी भरपूर असल्याच्या भरवशावर माल विकण्यापेक्षा, आहे त्या पाण्यात गाव नांदेल असा व्यापार करणे हेच दुकानाच्याही दीर्घायुष्याचे आहे. गाव उठले, तर गिऱ्हाईक कोठून येणार?