बेल्ह्याच्या बाजारात सिक्स पॅक चालत नाहीत!

सोमवारी ऑफिसला दांडी मारायचीच असेल, तर बेल्ह्याला जा. जुन्नर तालुक्यातलं हे गाव सोमवारच्या आठवडे बाजारासाठी, त्यातही बैलबाजारासाठी प्रसिद्ध. जिमच्या आरशात तासन्‌तास बायसेप्स न्याहाळणाऱ्या मंडळींनी तर हा बाजार बघायलाच हवा.

कारण बैलाची 'बॉडी' बघायची पद्धतच निराळी. आधी तोंड उघडून दात मोजायचे. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला... वय कळलं. मग खूर, मग खांदा. शिंगं रंगवली, अंग तुकतुकीत केलं म्हणून जाणता शेतकरी भुलत नाही. तो म्हणतो, "जरा चालवून दाखवा."

आपलं मात्र सगळं आरशावर! २००७ मध्ये शाहरुखचे सिक्स पॅक आले, २००८ मध्ये 'गजनी'तला आमीर आला, आणि शर्ट काढणं हीच परीक्षा झाली. या परीक्षेत पास कुणीच होत नाही, हीच खरी गोची. हॅरिसन पोप या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह या आजाराला 'मसल डिसमॉर्फिया' हे नाव दिलं. दंड पिळदार, पण स्वतःला वाटतं, आपण काडीपैलवानच! मग दुखापत झाली तरी जिम चुकत नाही, मित्रांसोबत जेवण टाळलं जातं, आणि काही जण थेट स्टेरॉइडच्या इंजेक्शनपर्यंत पोचतात. हृदय, लिव्हर आणि टेस्टोस्टेरॉन, तिघांचीही वाट लागू शकते.

गावातली पोरं यातून सुटलीत असं समजू नका. मोबाईल तोच, रील्स त्याच. कांद्याची पोती सहज उचलणाऱ्यालाही आपले खांदे कमीच वाटू शकतात.

पण या पट्ट्यात दुसरं मापही जिवंत आहे. जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात कट्स बघून कुणी इनाम देत नाही, पाठ लावावी लागते. १९५२ मध्ये हेलसिंकीहून ऑलिम्पिक ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव तर ५७ किलो गटातले! बैलगाड्याच्या घाटातही निकाल घड्याळच देतं.

व्यायाम सोडा असं कुणीच म्हणत नाहीये. फक्त आरशाला "कसा दिसतो?" विचारण्याआधी अंगाला विचारा, "काय जमतं?" चार जिने चढून दम लागत नाही? झोप शांत लागते? मित्रांबरोबर मिसळ खाता येते? मग भाव पक्का!

कसं जाल? पुणे-नाशिक हायवेनं आळेफाटा, तिथून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागा. बाजार गाठायचा तर सकाळी लवकर निघा.